सिकलसेल : रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी



सिकलसेलचा विषय निघाला की आपण लगेच रक्ततपासणीचे आकडे सांगू लागतो. आज मी रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीविषयी बोलणार आहे. ती बहुधा आईच असते. सातपुड्यात काय किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्टीत काय, मुलाचे हातपाय ठणकू लागले की तिची मजुरी बुडते, झोप जाते आणि वर घरातलेच विचारतात, "हे दुखणे तुझ्या माहेरचेच ना?"

हा प्रश्न पुसून टाकणे हे आरोग्यशिक्षणाचे पहिले काम होय. दोष आई आणि वडील या दोघांकडून आल्याखेरीज हा आजार होत नाही. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. हे सासूसासऱ्यांच्या व नवऱ्याच्या देखत सांगावे, आणि पावरी, गोंडी, माडिया अशा त्यांच्या बोलीत सांगावे. प्रमाण मराठीतील भित्तिपत्रके सुबक दिसतात, इतकेच त्यांच्याविषयी म्हणता येईल.

दुसरे ओझे भीतीचे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कळा येतात. सौम्य कळ भरपूर पाणी, ऊब, विश्रांती आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी यांनी घरी आवरता येते. मात्र ताप, धाप, छातीतील वेदना, एकाएकी आलेला फिकटपणा किंवा हातापायांतील शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. लहान मुलांत प्लीहा, म्हणजे पाणथरी, अकस्मात वाढते, रक्त तीत साठते आणि काही तासांत प्राणावर बेतते. जमैकात डॉ. ग्रॅहॅम सर्जंट यांच्या पथकाने पालकांना मुलाच्या डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपावयास शिकविले. या संकटातून होणारे मृत्यू त्यामुळे घटल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. हे शिकण्यास शाळेचा दाखला लागत नाही; आशा स्वयंसेविकेने आईचा हात धरून एकदोनदा दाखवावे लागते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीनंतर हाती कार्ड पडते. त्या कार्डाचा अर्थ उलगडून सांगणारा माणूस मात्र गावातच हवा. हायड्रॉक्सियुरियाची गोळी बरे वाटले म्हणून थांबवायची नसते, हे त्यानेच पुन्हा पुन्हा सांगावयाचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

गुरुजींनी अशा मुलाला वर्गात पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास आडकाठी करू नये, थंडीत कवायतीस उघड्यावर उभे करू नये. गैरहजेरीबद्दल आईला शाळेत बोलावण्याऐवजी अभ्यास घरी पाठविला तर तिची एक मजुरी वाचते. पंचायतीने रात्री वाहन देणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा. आणि आई रुग्णालयात असताना घरच्या धाकट्या पोरांना दोन वेळा कोण जेवू घालणार, हे पुढच्याच मासिक सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवावे.