जोत्याची उंची आणि आभासी इमारत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत शिकागो शहराजवळ हाइन्स येथे माजी सैनिकांसाठी चालवले जाणारे एक सरकारी रुग्णालय आहे. तेथील पुनर्वसन संशोधन केंद्रात १९९०च्या दशकाच्या आरंभी एक प्रयोग झाला. चाकांची खुर्ची रोलरांवर ठेवलेली असे. तीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर, डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे असलेले शिरस्त्राण आणि हातात संवेदक जडवलेला मोजा. माणूस हातांनी चाके फिरवी. खुर्ची जागची हलत नसे, परंतु चाकांची गती संगणकाला कळे आणि पडद्यावरची इमारत त्या मानाने पुढे सरके. ही इमारत अद्याप बांधलेली नसे. दार अरुंद असले की तो दारातच अडे. एखादी वस्तू आवाक्याबाहेर असली की मोजा घातलेला हात तेथवर पोचत नसे. आराखड्यातली चूक पाया खणण्यापूर्वीच उघडी पडे.

हा प्रयोग नेमका त्याच काळात का झाला, हे पाहिल्याखेरीज त्याचे मर्म कळणार नाही. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि सार्वजनिक इमारतींना मापे पाळणे भाग पडले. दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, खुर्ची वळण्यास ६० इंचांचे वर्तुळ, एक फूट चढण्यास १२ फूट लांबीचा उतार. हा कायदा कोणी उदारपणे बहाल केलेला नव्हता. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अपंग स्त्रीपुरुष सरकारी कचेरीत जवळजवळ चार आठवडे ठाण मांडून बसले होते. मार्च १९९० मध्ये वॉशिंग्टनला संसदभवनाच्या पायऱ्यांशी खुर्च्या सोडून अनेक जण हातांनी शरीर ओढीत वर चढले. यंत्र आले ते या पायऱ्यांच्या मागून.

यंत्राची विद्या मात्र आधीची. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर धारण करावयाचा पहिला संगणकीय पडदा दाखवला. पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या गटाने आपल्याच विभागासाठी बांधावयाच्या इमारतीत, ती उभी राहण्यापूर्वी, संगणकावर फेरफटका मारला. तेव्हा तेथे पुढे काम करणाऱ्यांना प्रवेशदालनातली एक भिंत जाचक वाटली आणि ती सरकवण्यास त्यांनी वास्तुविशारदांना राजी केले. नकाशा वाचण्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही आराखड्यावर मत देता येते, हा या विद्येचा खरा लाभ होय. एरवी नकाशाची भाषा जाणणारेच निर्णय घेतात आणि राहणारे, वापरणारे केवळ किल्ली घेण्यास येतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हिशेब सरळ आहे. दीड फूट जोते असलेल्या इमारतीला १८ फूट लांबीचा उतार लागतो. कागदावर ही जागा राखण्यास पेन्सिल आणि खोडरबर पुरते. इमारत झाल्यावर तीच जागा हवी असेल तर कुंपण, गटार, वाहनतळ सारेच मध्ये येते आणि मग जागेअभावी पाच-सहा फुटांचा एक घसरता कट्टा करून 'सोय केली' अशी नोंद होते. त्या कट्ट्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याने एकदा स्वतः तीत बसून पाहावे.

तथापि यंत्राच्या मर्यादा लपवून चालणार नाही. सर्वांत कठीण जागा शौचालयाची. तेथे खुर्ची आडवी लावून, भिंतीतल्या दांड्यावर शरीराचा भार टाकून माणसाला पलीकडे सरकावे लागते. पडद्यावरचा दांडा दिसतो. तो भार पेलीत नाही. दांडा चार इंच दूर असल्याने खांद्यावर किती ताण येतो, हे त्या चित्रातून कळत नाही. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील संशोधकांनी उतारावर चाके जड व्हावीत अशी योजना आपल्या यंत्रात केली, ती ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठीच. तरीही शौचालयापुरता प्लायवुडचा पूर्णाकृती नमुना करून पाहणे हाच आजही शहाणपणाचा मार्ग. शिवाय आभासी उतारावर कोणी मोटारसायकली लावून ठेवीत नाही.

भारतात कायद्याची वाण नाही. २०१६च्या कायद्याच्या ४४व्या कलमानुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगी देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या नियमावलीतील १५वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याने जे सक्तीचे केले ते नियमाने शिफारशीवर आणून ठेवले होते; सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवावीत, असाही आदेश दिला. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांना 'दिव्यांग' म्हणण्याची प्रथा त्यानंतर पडली. पायऱ्या होत्या तेथेच आहेत.

गरीब देशाला ही चैन परवडेल काय, असे कोणी विचारील. १९९० मध्ये हा प्रश्न रास्त होता. आज असे शिरस्त्राण चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळते आणि मोठ्या इमारतींचे आराखडे तर संगणकावरच तयार होतात. महानगरपालिकेच्या नगररचना विभागात असा एक संच असणे ही चैन नव्हे. अवघड आहे ते दुसरेच : त्या खुर्चीत बसणार कोण? वास्तुविशारदाचा धडधाकट साहाय्यक दहा मिनिटे बसून 'ठीक आहे' म्हणाला, तर सारा खटाटोप फुकट. बसावयाचे ते रोज खुर्ची वापरणाऱ्यानेच, आणि सल्लागार अभियंत्याला जसे शुल्क मिळते तसे त्यालाही त्याच्या वेळेचे मिळाले पाहिजे. चहा आणि शाल देऊन त्याची बोळवण करण्याचे कारण नाही.

तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानक, शाळा वा तहसील कचेरीची नवी इमारत मंजुरीस येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात : जोत्याची उंची, उताराची लांबी आणि आराखडा तपासणाऱ्या खुर्चीधारकाची लेखी टिप्पणी. पहिल्या दोन नकाशावर सापडतील. तिसरीसाठी नगरसेवकांना ठराव मांडावा लागेल, आणि तो पाया खणण्यापूर्वी मांडावा लागेल.