कानाची पापणी

गाणें ऐकत असलेल्या माणसाचा कोणास राग यावा, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. तो कोणाचें कांहीं घेत नाहीं, कोणास धक्का देत नाहीं. पुष्कळदां तर त्याच्या गाण्यांतला एक स्वरही शेजाऱ्याच्या कानावर पडत नाहीं. तरीही कानांत इअरफोन घालून आगगाडीच्या डब्यांत शांतपणें बसलेल्या तरुणाकडे पाहून समोरच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांच्या कपाळास आठ्या पडतात. हा देखावा मुंबईच्या लोकलगाडींत जसा दिसतो, तसाच टोकिओंत आणि लंडनमध्येंही दिसतो. त्या तरुणास विचारावें, तर तो सांगेल कीं, दिवसांतील हा एवढाच तास काय तो आपला स्वतःचा असतो. या लहानशा यंत्रावर कित्येकांचें इतकें प्रेम कां, आणि कित्येकांस त्याचा इतका तिटकारा कां, याचा थोडासा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

सांगातीं नेतां येणारें संगीत ही वस्तु आजची नव्हे. १९१४ सालीं लंडनमध्यें डेक्का नांवाचा, पेटीसारखा उचलून नेतां येणारा चावीचा ग्रामोफोन निघाला, आणि त्याच वर्षीं सुरू झालेल्या महायुद्धांत तो सैनिकांबरोबर खंदकांत जाऊन पोंचला. पुढें १९५४ सालीं अमेरिकेंत रीजन्सी कंपनीचा टीआर-१ हा हातांत मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला. परंतु पेटी असो कीं ट्रान्झिस्टर असो, त्याचा आवाज बहुधा चारचौघांत पडे. ज्याला तो आवडे तो जवळ सरके. ज्याला आवडत नसे तो 'बंद करा तें' असें तोंडावर सांगूं शके. भांडण होतें, पण तें सरळ होतें.

तें वाकडें केलें वॉकमननें. जपानांतील सोनी कंपनीचे एक संस्थापक मासारु इबुका यांना लांबच्या विमानप्रवासांत संगीत ऐकण्याची आवड होती, आणि त्यासाठीं बरोबर न्यावें लागणारें यंत्र त्यांना फार जड वाटे. वार्ताहरांच्या उपयोगाकरितां कंपनीनें प्रेसमन या नांवाचा एक लहानसा टेप-रेकॉर्डर काढलेला होताच. त्यांतील ध्वनिमुद्रणाची योजना काढून टाकून तिच्या जागीं स्टिरिओ संगीत ऐकण्याची सोय बसविण्यांत आली, आणि जोडीस वजनानें अगदीं हलके असे हेडफोन देण्यांत आले. ज्या टेप-यंत्रावर आवाज मुद्रित करतां येत नाहीं, तें विकत घेणार कोण, अशी शंका कंपनींतील अनुभवी मंडळींनींच काढली. परंतु दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांनीं आपला हट्ट सोडला नाहीं, आणि १ जुलै १९७९ रोजीं ३३,००० येन किमतीस वॉकमन बाजारांत आला. पहिल्या महिन्यांत त्यास फारसा उठाव नव्हता. तेव्हां कंपनीनें आपले तरुण नोकर टोकिओच्या शिंजुकु, गिंझा अशा गजबजलेल्या भागांत तें यंत्र घेऊन हिंडावयास पाठविले. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांत हेडफोन द्यावा आणि 'ऐकून तर पाहा' म्हणावें, एवढेंच त्यांचें काम. ऑगस्टअखेर पहिले ३०,००० नग संपले होते.

मोरिता यांनीं आपल्या आत्मवृत्तांत याविषयीं एक गोष्ट सांगितली आहे. यंत्राचा पहिला नमुना हातीं येतांच ते तो घरीं घेऊन गेले आणि निरनिराळें संगीत लावून ऐकत बसले. थोड्या वेळानें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पत्नी रुष्ट झाली आहे. पति समोर बसलेला, आणि तरी घरांत नसल्यासारखा! या एका अनुभवावरून त्यांनीं यंत्रास दोघांचे हेडफोन लावतां येतील अशीं दोन छिद्रें ठेवविलीं. पुढें एका मित्रासह ऐकत असतां असें दिसून आलें कीं, जोडीनें ऐकतां येतें, पण एकमेकांशीं बोलतां येत नाहीं. तेव्हां यंत्रावर एक नारिंगी बटण बसविण्यांत आलें. तें दाबलें कीं संगीत मंद होई आणि एका लहानशा मायक्रोफोनमधून जवळच्या माणसाचें बोलणें कानांत येई. म्हणजे ज्यानें हें यंत्र जगास दिलें, त्यास त्याचा दोष अगदीं प्रारंभींच, आणि तोही स्वतःच्या घरांत, कळून चुकला होता. त्यावर त्यानें उपायही योजिला होता.

उपाय चालला नाहीं. एकट्यानेंच ऐकत बसणें लोकांस असभ्य वाटेल, अशी मोरितांची कल्पना. परंतु घेणाऱ्यांनीं आपापलें यंत्र आपल्यापुरतेंच ठेवणें पसंत केलें. पुढील नमुन्यांतून तें नारिंगी बटण गेलें, आणि कालांतरानें दुसरें छिद्रही गेलें. गिऱ्हाइकास सोबत नको होती. निसर्गानें डोळ्यांस पापण्या दिल्या आहेत, तोंड मिटावयास ओठ दिले आहेत. कान मात्र रात्रंदिवस उघडा टाकिला आहे. त्या कानाला या यंत्रानें प्रथमच पापणी दिली, आणि लोकांनीं खरोखर पैसे मोजले ते त्या पापणीसाठीं. कॅसेटवर चालणारे वॉकमन जगांत वीस कोटींहून अधिक खपले, ते केवळ संगीताच्या ओढीनें खपले असें मानणें कठीण आहे.

ही पापणी किती मोलाची आहे, हें ज्यास स्वतःची खोली आहे त्यास नीटसें समजावयाचें नाहीं. डोंबिवलीहून सकाळच्या गाडीनें निघालेली एखादी नोकरी करणारी स्त्री घ्या. घरांत सहा माणसें, गाडींत पाय ठेवावयास जागा नाहीं, कचेरींत वरिष्ठांचा घोष. अशा स्थितींत दोन तारा कानांत घातल्या कीं तिच्याभोंवतीं एक अदृश्य खोली उभी राहते, आणि तिच्यांत पन्नास मिनिटें कोणी येत नाहीं. मायकेल बुल या इंग्रज अभ्यासकानें वॉकमन व आयपॉड वापरणाऱ्या पुष्कळ लोकांस प्रश्न विचारून त्यावर दोन ग्रंथ लिहिले आहेत. त्यांतील अनेकांच्या सांगण्याचा मथितार्थ हाच आहे. रोजचा तोच कंटाळवाणा रस्ता गाण्याच्या साथीनें सुसह्य होतो, मन आवरतां येतें, आणि नको असलेल्या माणसाचें नको असलेलें बोलणें टाळतां येतें. यांतील शेवटची सोय एकट्यानें फिरणाऱ्या स्त्रियांस विशेष उपयोगीं पडते.

आतां दुसरी बाजू. वर्तमानपत्र उघडून त्याच्या आड बसणारा प्रवासी शंभर वर्षांपूर्वींही होता. त्याच्यावर कोणी लेख लिहिले नाहींत. मग इअरफोनवाल्यावरच रोष कां? कारण वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा कान उघडा असतो. त्यास नांवानें हांक मारली, तर पत्र खालीं येतें. शिवाय तो काय वाचतो आहे, तें पाठीमागून दिसतें. वॉकमनचें तसें नाहीं. शुहेई होसोकावा या जपानी विद्वानानें १९८४ सालीं लिहिलेल्या निबंधांत हा मुद्दा मार्मिकपणें मांडला आहे. रस्त्यांतून जाणारा माणूस कांहींतरी ऐकतो आहे, एवढें आपणांस दिसतें. पण काय ऐकतो आहे, तें कळत नाहीं. आपल्यादेखत चाललेलें एक गुप्त नाटक, आणि त्याचें तिकीट आपणांस नाहीं! रागाचें अर्धें मूळ येथें आहे. उरलेला अर्धा राग जें थोडें ऐकूं येतें त्याचा. हेडफोनमधून बाहेर झिरपणाऱ्या आवाजांत खर्जाचे सूर नसतात, गायकाचा गळा नसतो. उरतो तो झांजांचा नुसता चिरचिराट. जपानी लोकांनीं त्या आवाजास 'शाका-शाका' असें नांवच देऊन टाकिलें आहे. गाणें दुसऱ्याचें आणि फोलपट आपलें, असा हा व्यवहार.

विद्वानांनींही तोंडसुख घेतलें. शिकागो विद्यापीठांतील प्राध्यापक ॲलन ब्लूम यांनीं १९८७ सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथांत अशी तक्रार केली कीं, कानांवर वॉकमन असेपर्यंत तरुणांस थोर परंपरेचें म्हणणें ऐकूं येणेंच शक्य नाहीं. तक्रार ऐकावयास भारदस्त आहे. परंतु वॉकमन निघण्यापूर्वीं ती परंपरा वर्गांतील किती कानांत शिरत होती, हें शिक्षकवर्गास पुरतें ठाऊक आहे.

अधिक गंभीर आक्षेप दोन. पहिला रस्त्यावरील धोक्याचा. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत वुडब्रिज या गांवीं १९८२ सालीं हेडफोन लावून रस्ता ओलांडणें हा कायद्यानें गुन्हाच ठरविण्यांत आला. त्या वेळीं लोक हंसले. पण कानांत इअरफोन असल्यानें गाडीची शिटी ऐकूं न येऊन रुळांवर प्राण गमावल्याच्या बातम्या मुंबईच्या पत्रांतून वाचल्यावर हंसूं येत नाहीं. दुसरा आक्षेप खुद्द कानाच्या आरोग्याचा. आंतल्या कानांत अत्यंत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात आणि ध्वनीची जाणीव त्यांच्यामुळें होते. एकदां नष्ट झाल्या कीं माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिलेली मर्यादा अशी आहे कीं, ८० डेसिबल एवढा आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकल्यास चालेल. पण आवाज ९० डेसिबलवर गेला कीं तीच मर्यादा आठवड्यास अवघ्या ४ तासांवर येते. गोम अशी कीं, गोंगाट जितका मोठा तितकें गाणें मोठें करण्याचा मोह अधिक, आणि ज्या आगगाडींत पापणी सर्वांत हवी असते तेथेंच ती सर्वांत महाग पडते. आवाजाची चावी आपल्याच हातीं आहे, ही गोष्ट मात्र या बाबतींत थोडी समाधानाची आहे.

वॉकमननंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. २३ ऑक्टोबर २००१ रोजीं ॲपल कंपनीनें आयपॉड दाखविला. ३९९ डॉलर किंमत, आणि पोटांत एक हजार गाणीं. कॅसेटची दुसरी बाजू उलटण्याचे श्रमही त्यानें वांचविले. पांढऱ्या तारा हें त्याचें निशाण झालें आणि तें मिरविण्याचीही हौस लोकांस लागली. मे २०२२ मध्यें कंपनीनें आयपॉड बंद केला, कारण तोपर्यंत त्याचें सर्व काम टेलिफोनच करूं लागला होता.

आपल्याकडे मात्र याच काळांत एक उलटी गोष्ट घडली. २०१७ सालीं सारेगामा कंपनीनें कारवान नांवाचें एक यंत्र विक्रीस काढलें. दिसावयास जुन्या रेडिओसारखें, फिरवावयास खुंटी, आणि आंत पांच हजार जुनीं गाणीं आधींच भरलेलीं. तारांची किंवा इंटरनेटची भानगड नाहीं. पुढें त्याची मराठी आवृत्तिही निघाली. मुलांनीं तें आईबापांस भेट म्हणून द्यावें, अशी पद्धत कित्येक घरांत पडली. त्या यंत्रास पापणी नाहीं. तें सर्व घरास ऐकवितें. सकाळीं सात वाजतां भावगीत सुरू झालें कीं आंतल्या खोलींतून 'आवाज जरा कमी करा हो' अशी तक्रार येते, आणि ती तक्रार करणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या इअरफोनविषयीं आजोबा आदल्या संध्याकाळीं कुरकुरत होते. एकास दुसऱ्याचे बंद कान सोसत नाहींत, दुसऱ्यास पहिल्याचें उघडें गाणें सोसत नाहीं. दोघांचेंही गाऱ्हाणें संगीताबद्दल नसतें.

वुडब्रिजच्या कायद्यानंतर ४१ वर्षांनीं, एप्रिल २०२३ मध्यें, मुंबईच्या बेस्ट उपक्रमानें एक आज्ञा काढली. बसगाडींत मोबाइलवर कांहीं ऐकावयाचें किंवा पाहावयाचें असेल, तर तें हेडफोन लावूनच ऐकावें. उघड्यावर ऐकण्यास मनाई. एका गांवीं हेडफोन घातल्याबद्दल शिक्षा, दुसऱ्या गांवीं न घातल्याबद्दल! रस्ता आणि बस यांत अंतर आहे, हें खरें. पण साठ माणसें बसलेल्या गाडींत पांच जणांचे पांच आवाज ऐकून ज्याचें डोकें उठलें आहे, त्यास त्या तरुणाची मुकी तार एकाएकीं सुसंस्कृतपणाचें लक्षण वाटूं लागते. आगगाडीच्या डब्यांतील वृद्ध गृहस्थ बसगाडींतून प्रवास करतील, तर कदाचित् तेही आपल्या आठ्यांचा फेरविचार करतील.

आणि तें नारिंगी बटण? तें परत आलें आहे. आजच्या कित्येक इअरफोनांत बाहेरचा आवाज मुद्दाम आंत घेण्याची सोय असते. २०२० सालीं सोनी कंपनीनेंच काढलेल्या एका हेडफोनमध्यें तर बटण दाबावयाचेंही कारण उरलें नाहीं. घालणारा माणूस बोलूं लागला कीं संगीत आपोआप थांबतें आणि समोरच्याचें बोलणें ऐकूं येऊं लागतें. फरक एवढाच आहे कीं, तें थांबतें तें घालणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजानें. स्वयंपाकघरांतून कोणी जेवावयास हांक मारली, तर गाणें चालूच राहतें.