खो-खो की कबड्डी?

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी शालेय मैदानावर चमकणाऱ्या मुलामुलींपुढे दहावीच्या सुमारास खो-खो की कबड्डी हा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ आवडीचा नसून शरीराच्या घडणीचाही असतो. कबड्डीत चढाई, म्हणजे प्रतिपक्षाच्या अंगणात एकट्याने जाऊन गडी बाद करण्याचा प्रयत्न, 30 सेकंदांत आणि एका दमात पूर्ण करावी लागते, शिवाय पकडीतून सुटण्यासाठी मांड्या-खांद्यांत ताकद लागते. खो-खोत मात्र पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येताच बसलेला खेळाडू क्षणार्धात उठतो आणि एकदा धरलेली दिशा त्याला खांबापर्यंत बदलता येत नाही, त्यामुळे तेथे हलक्या अंगाचे, चपळ मूल उजवे ठरते.

2014 पासूनच्या प्रो कबड्डी लीगने कबड्डीपटूंना पैसा व ओळख दिली. खो-खोची अशी लीग, अल्टिमेट खो-खो, मात्र 2022 मध्ये आली. तथापि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतील पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे महिला व पुरुष हे दोन्ही संघ विजयी झाले आणि त्यांचे कर्णधार, प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच होते, ही ग्रामीण पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी घटना होय. खेळ कोणताही निवडला तरी राज्याच्या शासकीय नोकरीतील 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते, म्हणून ती शाळेपासूनच जपून ठेवावी लागतात.