तिथी, चंद्रकला आणि समुद्राची भरती
(सातपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

सातपूर समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर वसलेले आहे. त्र्यंबकच्या वाटेवरील हे एकेकाळचे खेडे. पुढे येथे औद्योगिक वसाहत आली आणि 1982 साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात समाविष्ट झाले. येथील शाळेतील मुलाला भरती-ओहोटीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. भूगोलाच्या पुस्तकात एक आकृती असते, ती पाठ केली की गुण मिळतात, आणि विषय तेथेच संपतो.

परंतु तो तेथे संपत नाही. घाटमाथ्यावरील माणूस वर्षातून एकदा तरी समुद्र पाहावयास जातो. शाळा-महाविद्यालयांच्या सहली अलिबाग, मुरूड, हर्णै, गणपतीपुळे येथे जातात. कारखान्यातील कामगार सुटी मिळाली की कुटुंबासह डहाणू किंवा केळवे गाठतात. दि. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयातील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून मरण पावले. ही मुले शिकलेली होती. भरती म्हणजे काय हे त्यांनी शाळेत वाचलेले असणारच.

त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. अष्टमीला समुद्राला उधाण नसते. भरतीचा जोर पंधरवड्यात सर्वांत कमी असण्याचे हे दिवस. जोर कमी असला तरी पाणी मागे जावयाचे आणि पुढे यावयाचे थांबत नाही. अष्टमीला कोकणच्या किनाऱ्यावर साधारणतः दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी पुरी होते, वाळूचा पट्टा दूरवर उघडा पडतो, आणि त्यानंतर सायंकाळपर्यंत पाणी चढत जाते. सहलीची मंडळी जेवण आटोपून पाण्यात उतरतात ती नेमकी याच वेळी. कोणत्या दिवशी पाणी केव्हा चढेल, ही गोष्ट किनाऱ्यावरचा कोळी मनातल्या मनात सांगू शकतो. त्याच्याजवळ जे साधन आहे तेच सातपुरातील प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेले आहे. ते साधन म्हणजे दिनदर्शिकेवर छापलेली तिथी.

तिथीचा अर्थ समजावयाचा तर आधी चंद्रकलांविषयीचा एक जुना गैरसमज दूर करावा लागतो. चंद्र कमी-जास्त दिसतो तो पृथ्वीच्या सावलीमुळे, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही सांगतात. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात, आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते. चंद्र सूर्याच्या प्रकाशाने प्रकाशित होतो आणि ग्रहणे छायेमुळे घडतात, हे आर्यभटाने इ.स. 499 च्या सुमारास स्वच्छ लिहून ठेवले. चंद्राचा अर्धा भाग सदैव उजळलेला असतो. त्या उजळ अर्ध्याचा किती हिस्सा आपल्याकडे वळलेला आहे, त्यावर कला ठरते. एवढाच हा प्रकार.

आकृती काढून हे मुलांना पटत नाही. मोकळ्या पटांगणात मात्र पाच मिनिटांत पटते. शुद्ध अष्टमीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सूर्य पश्चिमेस उतरलेला असतो आणि अर्धा चंद्र पूर्वेकडील आकाशात बराच वर आलेला असतो. मुलाने हात लांब करून एक लिंबू किंवा चेंडू चंद्राच्या दिशेने उन्हात धरावा. लिंबावर ऊन पडून जो आकार उजळलेला दिसेल, नेमका तोच आकार शेजारी आकाशातील चंद्राचा दिसतो. सकाळची शाळा असेल तर वद्य अष्टमीला आठ वाजता हाच प्रयोग पश्चिमेकडे तोंड करून होतो. दिवसा चंद्र दिसतो याचेच पुष्कळ मुलांना नवल वाटते, यावरून आकाशाकडे पाहावयास किती कमी शिकविले जाते याची कल्पना यावी.

आता तिथी. चंद्र सूर्यापासून पूर्वेकडे 12 अंश सरकला की एक तिथी पुरी होते. अशा 30 तिथी, म्हणजे एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. यामुळे चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो व तितक्याच उशिराने माथ्यावर येतो. चोवीस तासांचे 30 भाग केले तर एक भाग 48 मिनिटांचा, म्हणजे बरोबर दोन घटकांचा येतो. भरती चंद्राबरोबर चालत असल्यामुळे तीही रोज तितकीच मागे पडते.

यातूनच किनाऱ्यावरील पाऊणपटीचा हिशोब निघाला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी; जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता त्या दिवशी पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्या या दोहोंस पंधरा धरून सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब एकच, कारण भरती दिवसातून दोनदा येते आणि दोन भरत्यांत सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा हिशोब ठोकळ आहे. कधी तासभराचा फरक पडतो, बंदराबंदरागणिकही वेळ निराळी असते. मुंबई व आसपासच्या किनाऱ्यास तो बराचसा लागू पडतो. काटेकोर वेळ पाहावयाची तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद 1878 पासून उपलब्ध आहे आणि जगातील जुन्या नोंदींत तिची गणना होते.

चंद्र दिवसातून एकदा माथ्यावर येतो, मग भरती दोनदा कशी, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतोच. चंद्राचे आकर्षण जवळच्या वस्तूवर अधिक आणि दूरच्या वस्तूवर कमी असते. चंद्राकडच्या बाजूचे सागरजल पृथ्वीपेक्षा अधिक ओढले जाते, म्हणून ते पुढे फुगते. पलीकडच्या बाजूस पृथ्वीच पाण्यापेक्षा अधिक ओढली जाते, पाणी मागे राहते, आणि तेथेही फुगवटा येतो. पृथ्वी फिरता फिरता प्रत्येक किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. भरतीचे कारण गुरुत्वाकर्षणाच्या आधारे न्यूटनने 1687 साली मांडले. त्यापूर्वी गॅलिलिओसारख्या थोर शास्त्रज्ञानेही भरतीचे कारण पृथ्वीच्या गतीत शोधले होते आणि चंद्राचा संबंध नाकारला होता. कोळ्याला जे ठाऊक होते ते त्याने मानले नाही!

सूर्यही पाणी ओढतो. तो अतिशय मोठा असला तरी फार दूर असल्याने त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून किंचित कमी भरतो. अमावास्या आणि पौर्णिमेला दोघांचे बळ एका रेषेत येते व उधाणाची भरती होते. अष्टमीला दोघे काटकोनात असतात, बळ एकमेकांस छेद देते, आणि भांगाची भरती येते. उधाणाच्या दिवशी पाणी अधिक वर चढते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच दिवशी ते अधिक खालीही उतरते हे मात्र विसरले जाते. पाण्याला तेवढ्याच सहा तासांत अधिक अंतर कापावयाचे असल्याने ओढ जोराची असते. उधाणाचा कळस पुष्कळदा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नाशिककरांना हा विषय नवा नाही, याचा पुरावा सातपूरपासून फार दूर नाही. पांडवलेणीतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केली, असे त्यात म्हटले आहे. यांतील पारदा, दमणा आणि दाहनुका ही नावे आजच्या पारडी, दमण आणि डहाणू परिसराची आठवण करून देतात. हा सारा खाड्यांचा मुलूख. तेथे नाव केव्हा सुटेल हे घाटावरचा राजपुरुष ठरवीत नाही, भरती ठरविते. त्याच काळात, इ.स.च्या पहिल्या शतकात, एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भरुकच्छ, म्हणजे भडोच बंदराच्या भरतीचे वर्णन आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी वाढते आणि मधल्या दिवसांत ओसरते, हे त्याने नोंदविले आहे. परकी जहाजे आत आणण्यासाठी तेथील राजाने माहीतगार कोळी नेमले होते, असेही तो सांगतो. हा राजा म्हणजे नहपानच, असे इतिहासकार मानतात. तेथील भरतीचे रौद्र रूप आजही तसेच आहे, कारण खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते. भावनगरजवळ भरती-ओहोटीतील अंतर 10 मीटरपर्यंत जाते. मुंबईत उधाणाला पाणी चार ते पाच मीटर वर येते. उलट गोदावरी जेथे बंगालच्या उपसागराला मिळते तेथे हे अंतर दीड मीटरच्या आसपास राहते. गोदावरी आणि वैतरणा या दोन्ही नद्या त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघतात. एकीला शेवटी सौम्य भरती भेटते, दुसरीला अर्नाळ्याजवळ जबरदस्त.

भरतीचे ज्ञान हा प्रशासनाचाही विषय आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि दुपारी समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. उधाणाचा कळस उलटून गेला होता, तरीही एवढे पाणी होते. मुंबईतील बहुतेक पर्जन्यजल वाहिन्यांची तोंडे समुद्राच्या भरतीच्या पातळीहून खाली असल्यामुळे भरतीच्या वेळी शहरातील पाणी बाहेर पडू शकत नाही. म्हणूनच हाजी अली, इर्ला येथे उदंचन केंद्रे उभारावी लागली, आणि दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर केली जाते. ती यादी वाचताना कोणीही दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहावी. बहुतेक तारखा अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढेच सापडतील.

कोकणातील पंचायत सदस्यांना हे सांगावे लागत नाही. पेण, अलिबागकडील खारजमिनी समुद्राकडून बांधाने राखलेल्या असतात. बांधातील उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला शेतातील पाणी बाहेर सोडते. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते, आणि त्या जमिनीत पुन्हा पीक येण्यास काही पावसाळे जावे लागतात. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम 1979 साली झाला. पण बांधाची डागडुजी उधाणापूर्वी होते की नंतर, यावरच पुष्कळदा त्या वर्षाचे भात अवलंबून असते.

उधाण आणि लाटा या दोन गोष्टी मात्र वेगळ्या मानाव्यात. लाटा वाऱ्याने उठतात. त्यांचा तिथीशी संबंध नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागतो तो मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरू लागतो म्हणून. चंद्राचा त्यात वाटा नसतो. उंच लाटांचा इशारा हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते, आणि सहलीच्या प्रमुखाने तिथीबरोबर तोही पाहावयास हवा.

ग्रामीण भागात आणखी एक शंका हमखास निघते. चंद्र समुद्र ओढतो, तर विहिरीचे पाणी किंवा माणसाच्या अंगातील पाणी का ओढणार नाही? अमावास्येची भीती घालणारे लोक या युक्तिवादाचा सर्रास उपयोग करतात. भरती निर्माण करणारे चंद्राचे बळ पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे नव्वद लाखाव्या भागाइतके असते. भरती घडते ती हजारो किलोमीटर पसरलेल्या सागराच्या एका टोकावरील आणि दुसऱ्या टोकावरील ओढीत फरक पडतो म्हणून. विहिरीच्या दोन काठांत असा फरक कोठून येणार? गंगापूर धरणाचा एवढा मोठा जलाशय सातपूरच्या जवळच आहे. अमावास्येला आणि अष्टमीला त्याच्या काठावर खूण करून पाहावी. पातळीतील फरक पाऊस, विसर्ग आणि बाष्पीभवन यांच्या नोंदींतून सापडेल. या नोंदी धरणावर रोज ठेवल्या जातात, आणि शाळेने मागितल्यास मुलांना त्या मिळवून देणे पंचायतीला वा नगरसेवकाला अवघड नाही.