पाळी जाताना यकृताकडेही बघा

मैत्रिणींनो, पंचेचाळिशीच्या आसपास पाळी मागेपुढे होऊ लागते, रात्री घामानं जाग येते. आणि जेवण तेवढंच असूनही परकराची नाडी पोटावर काचू लागते. इस्ट्रोजेन कमी झालं की मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते आणि काही यकृतातही साठते. हेच फॅटी लिव्हर. ते बहुधा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळतही नाही. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल, मधुमेह असेल, तर डॉक्टरांना एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासणीबद्दल आणि सोनोग्राफीबद्दल आवर्जून विचारा.

पाळी जातानाच्या त्रासासाठी घेतलेली हार्मोनची गोळी पोटात गेली की आधी यकृतातून जाते. त्वचेवर लावायच्या पट्टीचं किंवा जेलचं तसं होत नाही. म्हणून यकृताचा जुना आजार असेल तर तो उपचाराआधीच सांगा.

आणि अगदी कळकळीनं सांगते, ‘लिव्हर साफ करणारे’ काढे मनानं घेऊ नका. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवले. त्यांत महिलाही होत्या. वाढलेलं वजन हळूहळू सात ते दहा टक्क्यांनी उतरलं, तर यकृतातली चरबी खरोखर कमी होते. त्यासाठी साखर आवरा, ताटात उसळ वाढवा आणि रोज अर्धा तास भरभर चाला.