की-बोर्डला हात कोणी लावायचा?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त सराफा, जबलपूर येथे झालेल्या पदवीधर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



ज्या सराफ्यात आज तुम्ही मला बोलायला बोलावलंत, त्याच सराफ्यात मी पहिल्यांदा संगणकाला हात लावला. माझी आई इथल्या एका इमारतीत झाडलोट करायची. वरच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास होता. क्लास सुटला की तिथले भैया मला पंधरा मिनिटं बसू द्यायचे. मी तेव्हा नववीत होते.

माझ्या शाळेत संगणक नव्हते असं नाही. सहा होते. त्यांच्यावर कापडी खोळी आणि खोलीला कुलूप. आठवड्यातून एकदा आम्हाला चपला बाहेर काढायला लावून आत नेत. चार-पाच मुलं खुर्चीवर बसत, बाकीचे मागे उभे. मी जरा पुढे सरकले की आवाज यायचा, "हाथ मत लगाना, खराब हो जाएगा." खुर्चीवर बसणारी मुलं कोणाची होती, हे कळायला मला समाजशास्त्रात एम.ए. करावं लागलं नाही.

घरी आजीला हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "आम्हाले पाण्याले हात लावू देत नव्हते, तुले मशीनले." 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा प्रश्न फक्त तहानेचा नव्हता. सार्वजनिक वस्तूला हात लावण्याच्या हक्काचा होता. शाळेतला संगणकही सार्वजनिक पैशातून आलेला असतो. म्हणून 'डिजिटल कौशल्य' हा शब्द आला की मी पहिला प्रश्न विचारते: की-बोर्डला हात कोणी लावायचा?

आता आकडे पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या फेरीनुसार ग्रामीण भागातल्या फक्त 4.4 टक्के घरांत संगणक होता, शहरी भागात 23.4 टक्के. म्हणजे आपल्या बहुतेक मुलांसाठी संगणक असला तर शाळेतच. आणि शाळांचं काय? यूडायस प्लसच्या 2023-24 च्या अहवालात देशातल्या जेमतेम 57 टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक होते. त्यातल्या किती खोल्यांना कुलूप आहे, हे अहवालात नसतं.

आजचा विषय आहे शिक्षक-विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण आणि त्यातून शाळांत येणारी डिजिटल कौशल्यं. विषय ऐकून तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल, हे विमानाने जाणाऱ्यांचं काम, आपलं काय? म्हणून आज जिची जयंती आहे तिच्यापासून सुरुवात करते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं ते अहमदनगरला, सिंथिया फॅरार या अमेरिकन शिक्षिकेच्या शाळेत. परदेशातून आलेली पद्धत त्यांनी उचलली आणि पुण्यात शूद्रातिशूद्रांच्या, मुलींच्या शाळांत वापरली. पुढे 1855 मध्ये फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ते अमेरिकन मिशनचं नियतकालिक. त्या काळचं नवं तंत्रज्ञान म्हणजे छापखाना. एका मांग मुलीचे शब्द त्या छापखान्यातून बाहेर पडले आणि त्यात तिने धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला.

माझ्या मते देवाणघेवाणीची खरी परीक्षा हीच. मुलगी स्वतःचं म्हणणं स्वतःच्या हाताने मांडते का? की तिला फक्त दाखवलं जातं?

दाखवलं जाणं काय असतं, ते मी अनुभवलंय. एम.ए.ला असताना आमच्या विभागात परदेशी विद्यार्थ्यांचा गट आला होता. आम्हा तिघांना सांगितलं गेलं, यांना तुमची वस्ती दाखवा. आम्ही दाखवली. त्यांनी प्रश्न विचारले, फोटो काढले, त्यांच्या लॅपटॉपवर सादरीकरण तयार झालं. त्यांच्या देशात कचरा कोण उचलतो, हे मला विचारायचं होतं. वेळ संपली. मुलं वाईट नव्हती. पण त्या कार्यक्रमाची रचनाच अशी होती की प्रश्न एका बाजूने आणि उत्तरं दुसऱ्या बाजूने.

उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलं घ्या. माढा तालुक्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही बातमी सगळ्यांना आठवते. पण त्यांचं काम त्याआधीचं होतं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवून धडे मोबाइलवर आणणं आणि व्हिडिओ कॉलवरून दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी आपला वर्ग जोडणं. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करणारा उपक्रमही त्यांनी चालवला. इथे कोणी विमानात बसलं नाही. वाडीवरच्या शाळेत एक लॅपटॉप, एक जोडणी आणि पलीकडे वाट पाहणारा वर्ग, एवढ्यावर सुरुवात झाली.

पलीकडे वाट पाहणारा वर्ग असला की कौशल्य आपोआप लागतं. मेल लिहायचा असतो, म्हणून टायपिंग. आवाज नीट जायला हवा, म्हणून माइक. त्यांची सकाळ आपली दुपार असते, म्हणून घड्याळाचं गणित. संगणकाचे भाग पाठ करून हे येत नाही.

आता एक अडचण स्पष्ट बोलू. जिथे दोनच शिक्षक आहेत, तिथला एक प्रशिक्षणाला परदेशी गेला तर चार वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. डिसले गुरुजींना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा 2022 च्या सुरुवातीला त्यांच्या रजेचा प्रश्न शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेला, मग परवानगी मिळाली. नावाजलेल्या शिक्षकाची ही कथा, तर बाकीच्यांचं काय? म्हणून शिक्षकांना पाठवण्याची मागणी करताना बदली शिक्षकाची मागणीही त्याच अर्जात लिहायला हवी. नाहीतर एका शिक्षकाच्या प्रगतीची किंमत आपलीच लेकरं मोजतील.

दुसरी अडचण भाषेची. माझे आजोबा भंडाऱ्याकडचे. गोंदियाहून छोट्या गाडीने ते इथे गन कॅरेज फॅक्टरीत कामाला आले. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि संगणकात इंग्रजी. तीन उंबरठे. आंतरराष्ट्रीय म्हणजे इंग्रजीच, असं आपण धरून चालतो. पण मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते. तिथल्या मुलांशी आपली मुलं मराठीत बोलू शकतात. देवनागरीत टाइप करून पत्र पाठवू शकतात. पहिला धागा तिथून जोडायला काय हरकत आहे?

आणि दुसरा धागा मला सगळ्यात जवळचा वाटतो. हंगेरीत रोमा समाजाची मुलं आहेत. युरोपात त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वर्गांत, वेगळ्या शाळांत बसवलं गेलं. तिथल्या तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश यांना बाबासाहेबांचे विचार गवसले. महाराष्ट्रात येऊन त्यांनी आपल्या वस्त्या, आपली वसतिगृहं पाहिली. 2007 मध्ये शायोकाझा या गावात त्यांनी रोमा मुलांसाठी शाळा काढली. शाळेचं नाव डॉ. आंबेडकर. तिथे एकमेकांना 'जय भीम' म्हणतात.

मित्रांनो, देवाणघेवाण म्हणजे ते देणार आणि आपण घेणार, हा हिशेब इथे उलटतो. त्या शाळेने आपल्याकडून घेतलंय. त्या वर्गासमोर आपल्या वस्तीतली मुलगी व्हिडिओ कॉलवर बसली, तर ती 'केस' नसेल. "तुमच्या शाळेत तुम्हाला मागे बसवतात का?" हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जाईल. इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नाही, त्यामुळे चुकायची लाज दोघांनाही नाही.

मग आपण काय करायचं? आपण इथे बसलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहोत. आपल्याला फॉर्म भरता येतो, मेल करता येतो, मोडकंतोडकं का होईना इंग्रजी येतं. एवढं भांडवल पुरेसं आहे. दोन-दोघांनी मिळून जवळची एक सरकारी शाळा धरा. आधी मुख्याध्यापकांना भेटून संगणकखोलीचं वेळापत्रक मागा. कोणत्या वर्गाचा, कोणत्या मुलाचा हात किती वेळ की-बोर्डवर असतो, ते भिंतीवर लागू दे. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाने स्वतःचं नाव आणि आईचं नाव देवनागरीत टाइप करावं. मग बाहेरच्या एका वर्गाला पत्र. ते पत्र आपण लिहून द्यायचं नाही. चुकलं तर चुकू दे. कॉलच्या दिवशी खुर्चीवर कोण बसणार, याची चिठ्ठी काढा. हुशार मुलांची यादी मागू नका, ती यादी कशी तयार होते ते आपल्याला माहीत आहे. आणि मुलांचे फोटो त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

या बाजारातल्या दुकानांची धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात. सोनं दुकानात, धूळ त्यांच्या वाट्याला. शहरातल्या कार्यालयांतले टाकाऊ संगणक आपल्या शाळांना दान म्हणून येतात, तेव्हा मला ते आठवतं. आपल्या लोकांनी धुळीतूनही खूप काढलं. आता धुळीवर भागवायचं नाही.

इथून बाहेर पडताना मी त्या जिन्याकडे पाहीन. तो क्लास आता नाही. पण ती पंधरा मिनिटं मला मिळाली म्हणून आज मी पीएच.डी. करते आहे. तुमच्या जवळच्या शाळेतली एखादी मुलगी आत्ता खुर्चीच्या मागे उभी असेल. सोमवारी शाळा उघडेल तेव्हा तिला खुर्चीवर बसवायला तुमच्यातलं कोण जाणार आहे, ते आज इथेच ठरवून उठूया.

जय भीम!