मेटाफर: रीफँटाझिओ – निवडणूक राजाची, मेस सगळ्यांची

बोलायला सुरुवात करण्याआधी एक इशारा. आज ज्या गेमबद्दल बोलणार आहे तिचा शेवटही सांगणार आहे. न सांगता विषय पुरा होतच नाही. स्पॉयलर नको असेल तर इथंच थांबा, गेम खेळून या, एपिसोड कुठं पळून जात नाही.

गेमचं नाव मेटाफर: रीफँटाझिओ. ॲटलसच्या स्टुडिओ झीरोने बनवली, ११ ऑक्टोबर २०२४ ला आली. डायरेक्टर कात्सुरा हाशिनो, म्हणजे पर्सोना ५ वाला माणूस. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट आरपीजी, बेस्ट नॅरेटिव्ह आणि बेस्ट आर्ट डायरेक्शन असे तीन पुरस्कार घेऊन गेली. मोबाईलवर नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर प्ले स्टोअरवर शोधत बसाल. पीसी, प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्स लागतो.

काही जणांचं म्हणणं असतं की भाऊ, गेममध्ये राजकारण नको, ते बाहेर काय कमी आहे? पण या गेमची गोष्टच निवडणुकीची आहे. युक्रोनिया नावाचं राज्य. राजाचा खून झालाय. राजपुत्रावर शाप आहे, तो लपवून ठेवलाय आणि बाहेर सगळ्यांना वाटतं तो मेला. खून करणारा लुई, सैन्यातला मोठा अधिकारी, देखणा, बोलण्यात तरबेज. तो गादीवर बसणार एवढ्यात मेलेल्या राजाची जादू जागी होते. आकाशात राजाचा भलामोठा दगडी चेहरा उभा राहतो आणि सांगतो की लोकांचा विश्वास ज्याच्यावर सगळ्यात जास्त, तो राजा. उभं कोणीही राहू शकतं.

म्हणजे बघा, बूथ नाही, बोटाला शाई नाही, आदल्या रात्री वस्तीत फिरणारं पाकीट नाही. जादूला लोकांच्या मनातलं थेट कळतं. आपल्याकडे असं झालं तर अर्धे उमेदवार फॉर्मच भरणार नाहीत. (आणि गुप्त मतदानही गेलं, हे जपानी लेखकांच्या लक्षात आलं की नाही काय माहीत.)

या राज्यात बऱ्याच जमाती आहेत. शिंगवाले क्लेमार, लांब कानांचे रूसाँत, हे वरचे. प्राण्यासारखे कान असलेले परिपस गरीब, हलक्या कामाला. वटवाघळासारखे दिसणारे यूजिफ, त्यांच्याकडे लोक संशयानेच बघतात. आणि सगळ्यात खाली एल्डा. एल्डाला शिंग नाही, शेपूट नाही, वेगळे कान नाहीत. म्हणजे दिसायला अगदी तुमच्या-माझ्यासारखे. धर्मपीठ त्यांना अपवित्र मानतं. आपला हिरो एल्डा आहे.

पहिल्याच शहरात तुम्ही फिरता तेव्हा रस्त्यावरची माणसं येताजाता बोलून जातात. मोठा अन्याय वगैरे नाही, नुसता टोमणा. सरकून उभं राहणं. हे मला फार खरं वाटलं. आपल्याकडेही तलवार घेऊन कोणी येत नाही. येतो तो प्रश्न: "आडनाव काय म्हणालात?" इंजिनीअरिंगला असताना आम्ही तिघं रूम शोधत होतो. दोघं अमरावतीचे, एक अकोल्याचा. घरमालक चांगला होता, चहा दिला, मग तिघांची आडनावं विचारली. दोघांच्या आडनावावर मान हलली. तिसऱ्याचं आडनाव ऐकून म्हणाले, "रूमचं पाहून सांगतो." चहा तसाच राहिला, आम्ही तिघंही उठलो. पायऱ्या उतरताना आमचा अकोल्याचा पठ्ठ्या हसत म्हणाला, "पाहू द्या त्यायले निवांत." तो हसला याचंच मला जास्त वाईट वाटलं, कारण त्याला सवय होती.

तर आता माझा मुद्दा. लोक म्हणतात या गेमचं राजकारण निवडणुकीत आहे, भाषणांत आहे. मला ते पटत नाही. भाषणं बरीच सरधोपट आहेत. समता हवी, भीती नको, एवढंच. या गेमचं खरं राजकारण तिच्या सिस्टीममध्ये आहे. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळं कोणी काय बोलतं यापेक्षा कोड काय करतो ते मी आधी बघतो.

कोड असं करतो. लढायला आर्किटाइप लागतात, म्हणजे योद्धा, वैद्य, चोर, व्यापारी असे क्लास. हे क्लास वाढतात माणसांशी नातं जोडून. मारियाशी, म्हणजे धर्मशाळेतल्या त्या लहान पोरीशी, ओळख वाढली की हीलरची वाट उघडते. दुकानदारीण ब्रिजिटा, तिच्याकडून मर्चंट. परिपस जमातीची कॅथरिना, जी स्वतः निवडणुकीला उभी आहे, म्हणजे तुमची प्रतिस्पर्धीच, तिच्याशी मैत्री केली की ब्रॉलर. प्रत्येक नात्याच्या आठ पायऱ्या. आणि कॅलेंडर चालू आहे! दिवसातून थोडेच वेळ मिळतात. आज संध्याकाळी कोणासोबत बसायचं ते ठरवावं लागतं. काही जणांशी पुढं जायला आधी तुमची सहनशीलता किंवा धैर्य वाढलेलं लागतं, नाहीतर समोरचा मन मोकळं करतच नाही.

म्हणजे गेम सांगते की तुम्ही फक्त आपल्यातल्यांतच बसलात तर कमजोर राहाल. हे भाषणात नाही, नियमात आहे. फरक समजा. भाषण स्किप करता येतं, नियम स्किप करता येत नाही.

आणि सगळ्यात भारी जागा म्हणजे गॉन्टलेट रनर. पायांवर चालणारं जहाज आहे ते. गावाहून गावाला जायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढे दिवस सगळे त्याच्यातच. स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, पुस्तक वाचायचं, गप्पा मारायच्या. क्लेमार जमातीचा स्ट्रोल, ज्याचं गाव राक्षसांनी उद्ध्वस्त केलं तो सरदारघराण्यातला पोरगा. रूसाँत जमातीची हल्केनबर्ग, राजपुत्राची रक्षक, त्याला वाचवू न शकल्याचं ओझं घेऊन फिरणारी, आणि तरी नव्या गावात गेली की इथं खायला काय मिळतं ते आधी शोधणारी. आणि हेस्मे.

हेस्मे माझा सगळ्यात आवडता. यूजिफ आहे, वटवाघळासारखा, बुटका, वयाने मोठा, पूर्वीचा सरदार. मार्टिरा गावात लहान मुलं चोरीला जाताहेत आणि गावाने ठरवून टाकलंय की हे काम यूजिफचंच. आपली टोळीही त्याला पकडायलाच जाते. खरं प्रकरण वेगळंच निघतं. ज्याच्यावर मुलं चोरल्याचा आळ, त्या बापाने स्वतःचं मूल गमावलेलं आहे. पुढं हाच हेस्मे रनरवर सगळ्यांसोबत जेवायला बसतो. कोणी त्यावर भाषण देत नाही. ताट वाढलं जातं, बस.

हे बघताना मला अमरावती आठवली. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी इथं परिषद भरली होती, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अंबादेवीच्या त्या लढ्यात पंजाबराव देशमुख पुढं होते. पापळ गावचा हा माणूस, विलायतेहून बॅरिस्टर आणि डॉक्टरेट करून आलेला. अकोल्याचं कृषी विद्यापीठ ज्यांच्या नावाचं तेच हे. मंदिराची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, त्याबद्दल कमी बोललं जातं. सगळ्या जातींच्या पोरांसाठी एक वसतिगृह. एका छताखाली राहायचं, एका पंगतीत जेवायचं. स्वतः त्यांनी लग्नही जातीबाहेर केलं, त्या काळात.

म्हणजे वऱ्हाडात शंभर वर्षांपूर्वी एक गॉन्टलेट रनर उभा होता, फक्त त्याला पाय नव्हते! मंदिराचा दरवाजा म्हणजे निवडणूक समजा, सगळ्यांना दिसते. वसतिगृहाची मेस कोणाला दिसत नाही, पण चार वर्षं एका भगोन्यातलं वरण खाल्लेली पोरं पुढं आयुष्यभर एकमेकांना आडनावाने मोजत नाहीत. निदान तेवढं सहज तरी नाही.

आपल्याकडं अशी गेम आहे का? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये राजी काढली, भावाला शोधणाऱ्या बहिणीची. सुंदर गेम आहे, जरूर खेळा. पण ती ॲक्शन-ॲडव्हेंचर, नातं आधीच ठरलेलं. कोणासोबत बसायचं हे तुम्ही ठरवत नाही.

आता लुईबद्दल थोडं. व्हिलन म्हणून तो हुशारीने लिहिलाय, कारण तो जमात मानतच नाही! त्याच्या फौजेत परिपस पोरंसुद्धा वर चढतात. त्याचं म्हणणं एकच, ताकद असेल तर वर या, नसेल तर मरा. ऐकायला एकदम स्वच्छ. आमच्या बॅचच्या ग्रुपवर दर ॲडमिशनच्या सीझनला हेच येतं, भाषा फक्त वेगळी: जात पाहू नका, मेरिट पाहा. लुईच्या रांगेत कोण कुठून धावायला लागला ते विचारायचं नसतं. पुढं कळतं की तो स्वतः एल्डा आहे, शिंगं खोटी. तिथं मला त्याचा राग कमी आणि कीव जास्त आली. आडनाव लपवून फिरणारा माणूसच सगळ्यात जोरात ओरडतो की आडनावाला काही अर्थ नाही.

आणि आता माझी तक्रार. हिरोजवळ एक पुस्तक असतं. त्यात अशा जगाचं वर्णन आहे जिथं जमातीच नाहीत, सगळे समान, उंच इमारती, म्हणजे आपलंच जग. ते लिहिणारा मोर हा खरं तर मेलेला राजाच आहे, असं पुढं कळतं. नावं थॉमस मोरच्या १५१६ च्या ‘युटोपिया’वरून घेतलीत. पण विचार करा, ज्याच्या हातात सत्ता होती त्याने कादंबरी लिहिली! आपल्याकडं ग्रामगीता आहे, १९५५ ची. आदर्श गावाचं स्वप्न तिच्यातही आहे, पण तुकडोजी महाराजांनी ती अर्पण केली ग्रामदेवतेला, म्हणजे गावालाच. तिच्यात करायची कामं आहेत, झाडू कसा घ्यायचा इथपासून. (गंमत म्हणजे महाराजांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ चं. गेमची तारीख तीच, अर्थात निव्वळ योगायोग.)

तक्रार नंबर दोन मोठी आहे. शेवटी कळतं की आपला एल्डा हिरो म्हणजे तो शापित राजपुत्रच, त्याच्या मनातून जन्मलेलं रूप. अरे काहून बे? साठ-सत्तर तास मी खालच्या जमातीच्या पोराला वर चढवतोय आणि तुम्ही सांगता तो राजाचाच पोरगा होता? मग विश्वास कोणी कमावला, रक्ताने की त्याने? पंजाबरावांच्या वसतिगृहातलं कोणतं पोरगं लपलेला राजपुत्र नव्हतं. कास्तकाराचं होतं, मजुराचं होतं.

गेमच्या बाजूने एवढं म्हणता येईल की स्ट्रोल, हल्केनबर्ग, हेस्मे हे सगळे त्याच्या मागं उभे राहिले तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी एल्डालाच निवडलं होतं. हल्केनबर्ग तर ज्याला शोधत होती त्याच्याच शेजारी बसून जेवत होती. म्हणून मी म्हणतो, निवडणूक विसरा, मेस बघा.

फक्त एक गोष्ट गेमने सोपी करून टाकलीय. आठवी पायरी झाली की नातं पूर्ण. खऱ्या आयुष्यात त्यानंतर मित्राला घरी न्यायचं असतं. आणि गेममध्ये त्या घराच्या दारात ती आई नाही, जी प्रेमानेच विचारते, "कोनाचा पोरगा व्हय बापा हा?" आमच्या अकोल्याच्या मित्राला ती नववी पायरी चढायला माझ्याच घरी दोन वर्षं लागली. आता आई त्याच्यासाठी ठेचा वेगळा काढून ठेवते, मला विचारतसुद्धा नाही.

बरं, गेम महाग आहे, सेलची वाट बघा. तोवर सुरुवातीच्या काही तासांचा डेमो फुकट आहे, आणि नंतर पूर्ण गेम घेतली तर डेमोचा सेव्ह पुढं चालतो. डेमोत हेस्मे भेटत नाही, तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या रनरवर पहिल्यांदा कोणासोबत बसलात ते मला कळवा. मी तर हल्केनबर्गसोबत, जेवायला.